लेकीला दातांची डॉक्टर व्हायचंय? कागदांची फाईल अकरावीतच उघडा



"पोरगी म्हणते, दातांची डॉक्टर होणार. किती पैसे लागतील हो?" गटाच्या बैठकीत असा प्रश्न निघाला की बोलणं लगेच कर्जावर जातं. पैसा लागतोच. पण त्याआधी लागतो अभ्यास आणि लागतात कागद. अभ्यास लेक करेल. कागद आपल्याला गोळा करायचे आहेत, आणि ते निकालानंतरच्या आठ दिवसांत होत नाहीत.

रस्ता असा आहे

दातांच्या डॉक्टरची पदवी म्हणजे बीडीएस. चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यासाठी दहावीनंतर सायन्स घ्यायचं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवंच. गणित नसलं तरी चालतं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, मागास प्रवर्गाला ४० टक्के लागतात.

पण प्रवेश मिळतो तो 'नीट' परीक्षेच्या गुणांवर. एमबीबीएसला जी परीक्षा, तीच ही. १८० प्रश्न, ७२० गुण. त्यातले निम्मे प्रश्न बायोलॉजीचे. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ कापला जातो. म्हणून येत नसेल तिथे अंदाजाने खूण करायची नाही, हे लेकीला आधीच सांगा. अभ्यासक्रम अकरावी आणि बारावी दोन्हींचा असतो. अकरावी वाया घालवली की निम्मा डाव गेला.

पेपर मराठीतही मिळतो, पण फॉर्म भरतानाच तशी निवड करावी लागते. फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेत असाल तर शेजारी बसा.

आणखी एक. दंतशिक्षण हे हाताचंही काम आहे. पहिल्याच वर्षी मेणातून दात कोरायला शिकवतात. रांगोळी, शिवणकाम, मातीकाम यांत लेकीचा हात बसला असेल तर तो वेळ फुकट गेला असं समजू नका.

कागद कोणते?

- वय, राष्ट्रीयत्व व अधिवासाचा दाखला.
- उत्पन्नाचा दाखला.
- जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे आपण म्हणतो ती 'व्हॅलिडिटी'.
- ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी नॉन-क्रिमिलेअर. त्यावरची मुदत नीट पाहा.

सगळ्यात वेळ खाते ती व्हॅलिडिटी. ओबीसींना १९६७ पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. म्हणजे लेकीच्या वडिलांच्या, आजोबांच्या, चुलत आजोबांच्या शाळेचा दाखला. हे कागद सासरकडच्या गावात असतात. जी ताई एकटी आहे, जिचं सासरी जाणं-येणं तुटलंय, तिची इथेच अडचण होते. अशा ताईसोबत गटातल्या दोघींनी त्या शाळेत जावं. लेक अकरावीत असतानाच कॉलेजचं पत्र घेऊन अर्ज करता येतो. तेव्हाच करा.

राज्याच्या कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास असावी लागते. सीमेलगतच्या गावांतल्या मैत्रिणींनी अकरावीला कॉलेज निवडताना हे ध्यानात ठेवावं.

निकालानंतर थांबू नका

नीट पास झाली म्हणजे प्रवेश झाला, असं नाही. राज्याच्या सीईटी कक्षाकडे वेगळा फॉर्म भरावा लागतो. तो चुकला तर चांगले गुण असूनही वर्ष जातं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. कॉलेजांच्या पसंतीक्रमात ती आधी लिहा.

आता पैशाचं

२०२४ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट अशी, की प्रवेश सरकारी फेरीतूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या शिष्यवृत्ती आहेत. अर्ज महाडीबीटीवर करायचा.

म्हणून कोणी एजंट "डोनेशन भरा, सीट पक्की करतो" म्हणाला, तर एक रुपयाही देऊ नका. त्या वाटेने गेलात तर माफ होणारी फीसुद्धा गळ्यात पडेल. गटाचं अंतर्गत कर्ज काढायचंच असेल तर ते माफीत न बसणाऱ्या खर्चासाठी ठेवा: राहणं, जेवण, पुस्तकं आणि दातांच्या कामाची हत्यारं.

येत्या बैठकीत एवढंच विचारा: कोणाची लेक यंदा दहावी-अकरावीत आहे? तिच्या नावाची एक फाईल त्याच दिवशी उघडा. पहिला कागद आजोबांच्या शाळेचा दाखला.