जीर्ण अनिद्रेत शय्याकालाचा विचार

निद्रानाशाचा रुग्ण आला की जटामांसी, तगर, अश्वगंधा, शिरोधारा हा आपणा सर्वांचा परिचित मार्ग. काही दिवस गुण येतो, पुढे तक्रार पूर्ववत् होते आणि आपण मात्रा वाढवितो. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे हेच केले. एका निवृत्त शिक्षकांना तर मी 'लवकर अंथरुणावर पडत जा' असा सल्ला दिला होता. ते रात्री नऊलाच निजू लागले आणि मध्यरात्रीपर्यंत कूस बदलीत राहिले. चूक त्या सल्ल्यातच होती.

अनिद्रेला आरंभ करणारे कारण (शोक, आजारपण, कौटुंबिक चिंता) बहुधा निघून जाते. पण झोप भरून काढण्यासाठी रुग्णाने लावून घेतलेल्या सवयी तिला टिकवून धरतात. या सवयींवरील उपाय म्हणजे संज्ञानात्मक वर्तनोपचार. आपल्या परिभाषेत हे निदानपरिवर्जनच होय. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये अंथरूण व जागेपणा यांची जडलेली सांगड तोडण्याची रीत मांडली, तर आर्थर स्पिलमन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये शय्याकाल मर्यादित करण्याची. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या जीर्ण अनिद्रेत औषधाआधी हाच उपचार सुचविला. पुस्तकाच्या वा मोबाइलच्या साह्याने रुग्णाला तो घरीही करता येतो. मात्र कोणीतरी आठवड्याला विचारपूस करणारे असेल तर तो तडीस जातो. ते काम आपण सहज करू शकतो.

प्रथम दोन आठवडे रोज सकाळी अंदाजे नोंद ठेवावी : केव्हा निजलो, किती झोपलो, केव्हा उठलो. घड्याळाकडे रात्री पाहू नये. शिक्षकांच्या नोंदीत शय्याकाल नऊ तास व झोप साडेपाच तास, म्हणजे शेकडा ६१ निघाली. त्यांना रात्री साडेअकरा ते पहाटे साडेपाच एवढेच सहा तास अंथरूण दिले. उठण्याची वेळ अढळ, दुपारची झोप बंद. झोप न आल्यास उठून बसावे व पेंग आल्यावरच परतावे. 'एकाच खोलीच्या घरात उठून जाऊ कोठे?' हा प्रश्न रास्त आहे. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी एक खुर्ची पुरते. झोप शय्याकालाच्या शेकडा ८५ हून अधिक झाली की दर आठवड्याला १५ मिनिटे वाढवावीत. शय्याकाल पाच तासांखाली कधीही नेऊ नये.

रात्रिजागरणाने रौक्ष्य व वातवृद्धी होते, मग हे कसे, असा आक्षेप वैद्यबंधू घेतील. येथे झोप कमी करावयाची नसून अंथरुणातील रिकामा वेळ कमी करावयाचा आहे. तरीही पहिल्या एक-दोन आठवड्यांत थकवा व दिवसा पेंग वाढते, हे आधीच सांगावे, अन्यथा रुग्ण सोडून देतो. या काळात पादाभ्यंग व दूध अवश्य द्यावे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात निद्रा आणणाऱ्या उपायांत अभ्यंगादींबरोबर 'उचित काल' सांगितला आहे. संस्कृतात 'उचित' म्हणजे योग्य, तसेच अभ्यस्त, सवयीचा. अभ्यंग आपण करवितो, काल मात्र विसरतो.

अपस्मार, उन्माद-विषादाचे चक्र, मोठ्या घोरण्याबरोबर श्वास अडणे, तसेच वाहन वा यंत्र चालविण्याचा व्यवसाय असल्यास शय्याकाल घटवू नये. अशांना तज्ज्ञाकडे पाठवावे.

औषधविक्रेत्यांना एक विनंती. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम आदी औषधे २०१४ पासून एच-१ अनुसूचीत आहेत. तरी जुनी चिठ्ठी घेऊन येणारे येतातच. त्यांना नकार देताना 'गोळी आजच बंद करा' असे मात्र सांगू नये. दीर्घकाळ घेतलेले अल्प्राझोलाम एकाएकी सोडल्यास झटके येऊ शकतात. ते देणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हळूहळू कमी करावे लागते. चूर्णाच्या पुडीबरोबर नोंदीचा एक छापील कागद दिला तर त्याला खर्च नगण्य.

शिक्षक पाचव्या दिवशी 'आणखी झोप गेली' म्हणून रागावून आले होते. त्यांची नोंदवही उघडली. झोप तेवढीच होती, जागे राहण्याचे तास मात्र कमी झाले होते. ते वही घेऊन परत गेले.