कॉन्स्टँटिनोपलचा वाद आणि बहरीनचा मठ

बहरीनचा विमानतळ मुहर्रक बेटावर आहे. याच बेटाच्या ईशान्येला समाहीज नावाचं गाव आहे. तिथल्या कब्रस्तानात, एका पडक्या मशिदीच्या अवशेषांखाली, काही वर्षांपूर्वी आठ खोल्यांची एक जुनी इमारत सापडली. स्वयंपाकघर, जेवणघर, राहायच्या खोल्या आणि गिलाव्यात घडवलेले तीन क्रूस. कार्बन कालमापनानुसार ती इसवी सनाच्या चौथ्या ते आठव्या शतकात वापरात होती. ती मठाचा भाग असावी किंवा बिशपचं घर.

आता तुम्ही विचाराल, आखातात ख्रिस्ती लोक आले कुठून? त्यासाठी आधी कॉन्स्टँटिनोपलला जावं लागेल. तिथल्या साम्राज्याला आपण ‘बायझंटाईन’ म्हणतो, पण हे नाव सोळाव्या शतकापासून युरोपीय अभ्यासकांनी रूढ केलं. ते लोक स्वतःला रोमनच म्हणवत. त्यांच्याकडे धर्मशास्त्राचा वाद म्हणजे राजकारणच असे. मेरीला ‘देवाची माता’ म्हणावं का, की ‘ख्रिस्ताची माता’? दुसरी बाजू घेणारा कॉन्स्टँटिनोपलचा धर्मगुरू नेस्टोरियस ४३१ च्या इफिससच्या परिषदेत पदच्युत झाला. ४८९ मध्ये सम्राट झेनोने एडेसाची विद्यापीठासारखी शाळा बंद केली. तिथले शिक्षक सीमेपलीकडे, इराणच्या सासानी राज्यातल्या निसिबिसला गेले.

सासानी राज्यात ख्रिस्ती समाज आधीपासून होता. समाहीजचं सिरियॅक भाषेतलं नाव ‘मेश्माहिग’, आणि ४१० च्या धर्मसभेच्या नोंदींत तिथल्या बिशपचा उल्लेख आहे. पण हे दोन्ही शेजारी वारंवार लढत. त्यामुळे इराणी ख्रिश्चनांवर रोमचे हस्तक असल्याचा संशय येई. कॉन्स्टँटिनोपलने ज्याला पाखंडी ठरवलं, त्याच्या विचारांशी जवळीक असणं मग सोयीचंच ठरलं. आपण रोमचे नाही, हे त्यातून आपोआप दिसे.

तरी खुणा पुसल्या गेल्या नाहीत. समाहीजच्या गिलाव्यावर मासा आणि ‘ख्री-ऱ्हो’ या चिन्हाचा भाग कोरलेला दिसतो. हे चिन्ह म्हणजे ‘ख्रिस्त’ या शब्दाची पहिली दोन ग्रीक अक्षरं. तीच सम्राट कॉन्स्टंटाईनच्या सैन्याची खूण होती. नाणी मात्र सासानी, आणि काही भांडी व अकीकाचे मणी भारतातले!

भारताचा धागा आणखी पुढे जातो. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा ग्रीक लेखक सांगतो, की ‘कल्लियाना’ बंदरातला बिशप इराणमधून नेमला जातो. बरेच अभ्यासक हे ठिकाण म्हणजे आपलं कल्याण मानतात.

इथे थोडं सावध राहायला हवं. मणी व्यापाऱ्यांच्या हातून हात बदलत येतात, त्यामुळे मण्यांवरून कल्याणची माणसं समाहीजला राहिली असं सिद्ध होत नाही. पण एवढं नक्की म्हणता येतं, की एका परिषदेतल्या शब्दावरून फाटलेल्या जगात समुद्रावरची ये-जा चालू राहिली. सम्राटांच्या सीमा बघून जहाजं थांबली नाहीत.