घडीव पिस्टन आणि जालन्याची भट्टी

महाराष्ट्र जालना जिल्ह्याला ओळखतो तो बियाण्यांसाठी आणि सळईसाठी. वेगवान मोटारीचे टर्बो इंजिन या ओळखीत कुठेच बसत नाही. तरी नकाशावर अंतर फार नाही. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे निघाले की पन्नास किलोमीटरच्या आत शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. तिथे स्कोडाने २००१ पासून ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली. या गाडीची टर्बो पेट्रोलवर चालणारी आरएस आवृत्ती २००४ मध्ये भारतीय बाजारात आली. १.८ लिटरच्या इंजिनातून सुमारे १५० अश्वशक्ती मिळणे त्या काळच्या आपल्या रस्त्यांना नवीन होते. इंजिन मात्र परदेशातून तयार येत असे. शेजारच्या जालन्यात त्याच काळात दिवसरात्र पोलाद वितळत होते, पण त्यातला एक तोळाही अशा इंजिनात जाण्याच्या लायकीचा मानला जात नव्हता. भट्टी आणि इंजिन यांच्यामधली ही दरी नेमकी कशाची आहे? आच कमी पडते, यंत्रे नाहीत, भांडवल नाही, अशी उत्तरे सहज दिली जातात. माझ्या मते ती अपुरी आहेत. दरी आहे ती धातूच्या शुद्धतेची आणि मोजमापाच्या शिस्तीची. ती बुजवता येते आणि जालन्यानेच ती बुजवावी, असे म्हणायला आधार आहे.

त्यासाठी आधी इंजिनाच्या आत काय घडते ते पाहायला हवे. इंजिन किती ताकद देणार हे ते किती इंधन जाळते यापेक्षा किती हवा ओढते यावर ठरते, कारण इंधन वाढवणे सोपे आणि हवा वाढवणे अवघड. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये यावरच्या तोडग्याचे पेटंट घेतले. बाहेर फुकट जाणाऱ्या धुराच्या झोताने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची. हवेचा दाब वातावरणाच्या दुप्पट केला, तर तेवढ्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये जवळपास दुप्पट हवा मावते. पण ही ताकद फुकट मिळत नाही. ऑक्टाव्हियाच्या त्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ८१ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८६.४ मिलिमीटर होती. ज्वलनाच्या वेळी आतला दाब १०० बार धरला, तर पिस्टनच्या माथ्यावर पाच टनांहून अधिक भार पडतो. मिनिटाला ६५०० फेऱ्यांच्या वेगाने पिस्टन वरच्या टोकाला पोचून उलट फिरतो, त्या क्षणी त्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २६५० पट असते. पिन आणि रिंगांसह पिस्टनचे वजन ४०० ग्रॅम धरले, तरी त्या क्षणी तो कनेक्टिंग रॉडला एक टनाहून अधिक जोराने ओढतो. असे सेकंदाला शंभराहून अधिक वेळा होते. एकदा दाब, एकदा ओढ, पुन्हा दाब. धातूला एकाच मोठ्या भारापेक्षा हा उलटसुलट छळ लवकर थकवतो.

म्हणून स्पर्धेचे किंवा मोठ्या ताकदीचे टर्बो इंजिन बांधणारे लोक ओतीव पिस्टन काढून घडीव पिस्टन बसवतात. नेहमीचा पिस्टन ॲल्युमिनियम आणि सुमारे बारा टक्के सिलिकॉन यांचा रस साच्यात ओतून होतो. तो स्वस्त पडतो, कमी फुगतो, शांत चालतो, पण मर्यादेपलीकडे गेला की तडकतो. घडीव पिस्टनासाठी मिश्रधातूच्या दांड्याचा तुकडा कापतात, तो साधारण ४५० अंशांपर्यंत तापवतात आणि डायमध्ये प्रेसखाली दाबतात. धातूचे कण त्या आकाराच्या ओघाने वळतात आणि ओतकामात राहणारी बारीक छिद्रे दाबून बंद होतात. यासाठी दोन मिश्रधातू रूढ आहेत. ४०३२ मध्ये सुमारे बारा टक्के सिलिकॉन असते, त्यामुळे तो तुलनेने कमी फुगतो. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळजवळ नसते. तांबे, मॅग्नेशियम, लोह आणि निकेल यांच्या जोरावर तो तापलेला असतानाही ताकद टिकवतो. याच घराण्याचा मिश्रधातू काँकॉर्ड या स्वनातीत विमानाच्या पत्र्यासाठी वापरला होता. घडवल्यानंतर २६१८ ला सुमारे ५३० अंशांवर ठेवून गरम पाण्यात विझवतात आणि मग २०० अंशांच्या आसपास वीस तास मुरवतात. हे तापमान दहा-पंधरा अंशांनी चुकले, तर पिस्टन दिसायला तसाच राहतो आणि आतून वेगळा होतो.

घडीव पिस्टन बसवला की इंजिन आपोआप दणकट होते, हा समज मात्र खरा नाही. ८१ मिलिमीटर व्यासाचा २६१८ चा पिस्टन १५० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास पाव मिलिमीटरहून थोडा अधिक वाढतो. बिडाचे सिलिंडर तेवढ्याच तापमानवाढीला त्याच्या निम्मेच फुगते. म्हणून बोअरमध्ये जास्त फट ठेवावी लागते. ती कमी पडली तर पिस्टन घासून जाम होतो, जास्त झाली तर थंड इंजिन खडखडते आणि तेल वर चढते. फटीचा हा हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या भागात होतो, आणि डायल बोअर गेज व मायक्रोमीटर हातात नसलेल्या माणसाने हजारो रुपयांचा पिस्टन घालणे म्हणजे पैसे जाळणे आहे. शिवाय पिस्टन मजबूत झाला की दुबळेपणा नाहीसा होत नाही, जागा बदलतो. पुढची पाळी कनेक्टिंग रॉडची, मग त्याच्या बोल्टांची, मग हेड गॅस्केटची येते. इंधन वेळेआधी भडकून ठोके बसू लागले, तर घडीव पिस्टन ओतीवापेक्षा जास्त सोसतो इतकेच. ठोके थांबवायचे काम इंधनाच्या ऑक्टेनचे, हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे आणि ठिणगीच्या वेळेचे असते.

फॉर्म्युला वनचा इतिहास हेच सांगतो. रेनॉने १९७७ मध्ये तिथे पहिली टर्बो गाडी उतरवली आणि पहिला विजय मिळवायला १९७९ उजाडले. दोन वर्षे गेली ती एखादा भाग बदलण्यात नव्हे, भागांची अख्खी साखळी सांभाळायला शिकण्यात. १९८३ मध्ये नेल्सन पिके टर्बो इंजिनावर जगज्जेता झाला, तेव्हा त्याच्या बीएमडब्ल्यू इंजिनाचा ब्लॉक साध्या रस्त्यावरच्या गाडीच्या बिडाच्या ब्लॉकवर आधारलेला होता. म्हणजे स्वस्त धातूही जगज्जेतेपदापर्यंत जातो. अट एवढीच, की तो निर्दोष असावा आणि त्याच्याभोवतीचे प्रत्येक माप पाळलेले असावे.

इथे जालना चित्रात येते. पिस्टन ॲल्युमिनियमचा असला, तरी त्याचा भार झेलणारे कनेक्टिंग रॉड, क्रँक, पिन आणि बोल्ट पोलादाचे असतात. जालन्याच्या इंडक्शन भट्ट्या भंगार वितळवतात, त्याचे बिलेट ओततात, रोलिंग मिल त्यांची सळई करते आणि गरम सळईवर पाण्याचा मारा करून तिचा बाहेरचा थर कडक केला जातो. गाभ्यातली उष्णता मग त्या थराला हवा तेवढा चिवटपणा देते. विझवणे आणि मुरवणे हे उष्णतेचे शास्त्र जालना रोज वापरते, आणि निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनमच्या पोलादाचा रॉड टणक करण्यामागेही तेच तत्त्व आहे. फरक आत जाणाऱ्या मालात आहे. इंडक्शन भट्टी वितळवते चांगले, पण गाळत नाही. भंगारातून आलेले फॉस्फरस आणि गंधक तिथे फारसे कमी होत नाहीत. मोटारींच्या वायरींतून आलेले तांबे तर कोणत्याच नेहमीच्या पोलादभट्टीत निघत नाही, आणि ते वाढले की तापलेल्या पोलादाचा पृष्ठभाग घडवताना फाटतो. इमारतीच्या सळईसाठी आयएस १७८६ हे मानक ५०० डी प्रतीत गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०४० टक्क्यांपर्यंत चालवून घेते, आणि त्या कामाला ते योग्यच आहे. सळईवरचा भार बहुतेक काळ स्थिर असतो. रॉडवरचा भार सेकंदाला शंभरदा उलटतो आणि तिथे ऑक्साइडचा डोळ्याला न दिसणारा कणसुद्धा तडा सुरू करायला पुरतो. म्हणूनच बेअरिंगच्या पोलादात ऑक्सिजन दशलक्षात पंधरा भागांहून जास्त चालत नाही. ही पातळी इंडक्शन भट्टीत गाठता येत नाही. त्यासाठी वितळलेले पोलाद लॅडल भट्टीत गाळावे लागते, आर्गॉन वायूने ढवळावे लागते आणि निर्वातात ठेवून त्यातले वायू ओढून घ्यावे लागतात.

दुसरी उणीव मोजमापाची, पण तिथे जालन्याकडे पुरावा आहे. नादेल्ला या फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने १९६५ मध्ये सुरू झालेल्या आणि भारतात सुईसारख्या रोलरची बेअरिंग प्रथम बनवणाऱ्या एनआरबीचा कारखाना जालन्यात आहे. असे रोलर एकमेकांपासून काही मायक्रॉननी जरी वेगळे निघाले, तरी सगळा भार त्यातल्या जाडसर रोलरांवर येतो आणि बेअरिंग वेळेआधी संपते. हे काम जालन्याच्या कामगारांनी वर्षानुवर्षे केले आहे. त्यामुळे इथल्या माणसाला बारीक माप झेपत नाही, हा आक्षेप उभाच राहत नाही.

आणि शुद्धतेचा व्यवहार जालन्याला नवा आहे का? १९६४ मध्ये बद्रिनारायण बारवाले यांनी इथे महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, स्थापन केली. त्याआधी त्यांनी पुसा सावनी भेंडीचे बियाणे वाढवून विकायला सुरुवात केली होती. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणे आणि धान्य दिसायला एकच दाणा असतात. बियाण्याला जास्त भाव मिळतो तो त्यात भेसळ नाही या खात्रीला. ती खात्री शेतातल्या अंतराने, निवडीने, चाचणीने आणि पोत्यावरच्या नोंदीने तयार होते. पोलादाचेही तसेच आहे. सळई हे पोलादाचे धान्य आहे आणि प्रत्येक हीटची, म्हणजे एकेका वितळणीची, नोंद असलेले, तपासलेले मिश्रपोलाद हे त्याचे बियाणे. जे शहर एका पिढीत धान्याकडून बियाण्याकडे गेले, त्याला ही दुसरी वाट समजावून सांगावी लागू नये.

यावर वजनदार आक्षेप आहेत. पहिला असा, की सळईचा धंदा चालतो आहे, घरे आणि पूल बांधले जात आहेत, मग हा खटाटोप कशाला? पण सळईचा भाव भंगार आणि विजेच्या दराबरोबर हलतो आणि गिऱ्हाईक एका गावाची सळई सोडून दुसऱ्या गावाची सहज घेतो. सर्वांनी सळई सोडावी असे कुणीच म्हणत नाही. काही भट्ट्यांनी वरची पायरी चढली, तर मंदीत शहराला दुसरा आधार राहील. दुसरा आक्षेप असा, की हे काम पुणे-कोल्हापूरकडे आधीच आहे. खरे आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेली भारत फोर्ज क्रँकशाफ्ट घडवते, कोल्हापुरात मेनन पिस्टन आहे, पुण्यात वाहनांची तपासणी करणारी एआरएआय १९६६ पासून आहे. पण घडाई करणाऱ्यालाही स्वच्छ बिलेट लागतेच. जालन्याने पुण्याशी स्पर्धा न करता त्याला माल पुरवणे जास्त शहाणपणाचे ठरेल. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेल्याने बाजार जवळही आला आहे.

सर्वात जोरदार आक्षेप विजेवरच्या गाड्यांचा. पिस्टनचे दिवसच भरले असतील, तर आता त्याचे शास्त्र शिकून काय उपयोग? पिस्टनची मागणी पुढे घटेल, हे मान्य करायला हवे. पण विजेच्या गाडीची मोटर मिनिटाला पंधरा-वीस हजार फेऱ्यांपर्यंत जाते. तिचे गिअर, शाफ्ट आणि बेअरिंग यांना आजच्यापेक्षा स्वच्छ पोलाद लागते, कमी नाही. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनमध्ये सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पाचा करार केला. तिथे विजेवरच्या आणि हायब्रीड अशा दोन्ही गाड्या अपेक्षित आहेत, आणि हायब्रीडमध्ये इंजिन राहतेच. म्हणजे कोणता भाग टिकेल यावर पैज लावण्याची गरज नाही. शुद्ध पोलाद आणि मायक्रॉनची शिस्त दोन्हीकडे चालते.

आणखी एक शंका उरते. स्पर्धेच्या इंजिनाचे गिऱ्हाईक आपल्याकडे मूठभर आहे. म्हणूनच जालन्याने उद्या क्रीडामोटारीचे इंजिन बांधावे, असे सुचवणे वेडेपणाचे होईल. सुरुवात ट्रॅक्टर, पंप आणि दुचाकी यांच्या घडीव भागांपासून व्हावी, कारण त्यांना मागणी इथेच आहे. पण गुणवत्तेचा मापदंड टर्बो इंजिनाचा असावा. त्यासाठी एकेका कारखान्याने एकट्याने भार उचलायला नको. लॅडल गाळणी, निर्वात यंत्रणा आणि पोलादात अडकलेले परके कण, थकवा, वायू तपासणारी प्रयोगशाळा असे सामाईक केंद्र औद्योगिक वसाहतीत उभे राहावे आणि भंगार येते तेव्हाच तांब्याची वर्गवारी व्हावी. शासकीय तंत्रनिकेतनातल्या मुलांना बोअर मोजणे आणि धातूचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली वाचणे या गोष्टी पुस्तकाबाहेर शिकायला मिळाव्यात. यातले काहीही अशक्य कोटीतले नाही आणि प्रत्येक गोष्टीचा उपयोग पहिल्या दिवसापासून सळईलाही होणार आहे. जालन्याकडे आच आहे, हात आहेत आणि शुद्धता विकण्याचा स्वतःचा इतिहास आहे. आता निर्णय कारखानदारांनी घ्यायचा आहे, आणि तो त्यांनी बाजाराने भाग पाडण्याआधी घ्यावा.