नाना पेठेतले जाळीकाम

पुण्याच्या जुन्या पेठांतील धंद्यांविषयी काही लिहावे, अशी सूचना संपादकांकडून आली तेव्हा त्यांच्या मनात बहुधा कसब्यातील तांबट आळी असावी. परंतु तांब्या-पितळेचे ज्ञान या शहरात आणखीही एका ठिकाणी टिकून आहे, आणि मोटारींच्या धुराने काळवंडल्यामुळे ते कोणाच्या नजरेस येत नाही, असे मला पुष्कळ दिवस वाटत आले होते. म्हणून मी नाना पेठेची वाट धरली. मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांमागे, जेथे रस्ता निमुळता होतो आणि नवसागराचा उग्र वास घशाशी येतो, तेथे रेडिएटरची दुरुस्ती करणारे एक वृद्ध कारागीर बसतात. त्यांना सगळे ‘चाचा’ म्हणतात. हाताखालचा मुलगा मात्र ‘उस्ताद’ म्हणतो.

त्यांच्या दारात त्या दिवशी सासवडकडील एका बागाईतदाराची टाटामोबाईल उभी होती. ही गाडी पुण्याचीच म्हटली पाहिजे. टाटांची टेल्को ही संस्था १९४५ मध्ये स्थापन झाली, १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी तिचा करार झाला, पुढे पुण्याजवळ तिचा दुसरा कारखाना उभा राहिला आणि त्याच कारखान्यातून १९८८ मध्ये १,९४८ घनसेंटिमीटर क्षमतेच्या डिझेल इंजिनाची ही पिकअप बाहेर पडली. सिएरा, इस्टेट, सुमो या सगळ्या तिच्यानंतरच्या. योगायोग असा की, आजच्या रेडिएटरचा पूर्वजही डाइमलरच्याच कारखान्यात जन्मला. विल्हेल्म माइबाख यांनी १९०१ च्या मर्सिडीजसाठी ८,०७० बारीक नळ्या एकत्र जोडून मधाच्या पोळ्यासारखी जाळी तयार केली आणि बलवान इंजिन थोड्या पाण्यावर थंड ठेवता येते, हे सिद्ध केले.

बागाईतदाराची अडचण थोडक्यात अशी होती. अंजिराच्या पेट्या पुण्यात पोचवून माल घेऊन परतताना दिवे घाट चढू लागली की गाडी तापते, पाणी उकळते. बोअरच्या पाण्याचा क्षार नळ्यांत बसून त्यातील निम्म्याअधिक बंद झालेल्या. नवा रेडिएटर मिळावा म्हणून त्यांनी दुकाने पालथी घातली, बुधवार-रविवारचा जुना बाजारही पाहिला. रेडिएटर मिळत होते. बसत मात्र एकही नव्हता. एकाचे पाण्याचे तोंड उजवीकडे, दुसऱ्याची जाळी इतकी जाड की पंख्याची पाती तिला घासतील, तिसऱ्याचे सगळे जुळते पण बोल्टची भोके बोटभर खाली.

“पाटील, रेडिएटर शोधायचा नसतो, मापायचा असतो,” चाचा एवढेच म्हणाले आणि बॉनेट उघडून गाडीसमोर उकिडवे बसले.

पुढचा तासभर त्यांनी जे केले ते पाहून मी थक्क झालो. जुना रेडिएटर त्यांनी लगेच काढलाच नाही. तो जागेवर असतानाच पंखा आणि जाळी यांतील अंतर, होजपाइपचे वळण, पंख्याभोवतीच्या आवरणाची खोली, झाकणाच्या गळ्याची उंची ही सगळी मापे त्यांनी घेतली. मग रेडिएटर उतरवला आणि त्याच्याकडे पाठ फिरवून ते चासीचा आडवा पत्रा न्याहाळू लागले. एवढ्या वर्षांत या गाडीला दुसऱ्याच कुठल्या गाडीचा रेडिएटर कोणी बसवला नसेल, याची शाश्वती काय? जुन्या भागाची हुबेहूब नक्कल केली तर आधीच्या मेकॅनिकची चूकही त्यात उतरायची. म्हणून ते पत्र्यातील भोकांवरून बोट फिरवत होते. कारखान्यात पाडलेल्या भोकाची कड गुळगुळीत असते आणि मूळ रंग आतपर्यंत गेलेला असतो. मागाहून गल्लीत पाडलेल्या भोकाची कड खरखरीत लागते आणि तेथे गंज धरतो. चार भोकांपैकी दोन मूळची निघाली. त्या दोहोंवरून त्यांनी रेडिएटरची खरी जागा ठरवली आणि बाकीची मापे तिच्याशी ताडून पाहिली. इतिहाससंशोधक एखाद्या दस्तऐवजातील प्रक्षिप्त मजकूर ज्या साक्षेपाने बाजूला काढतो, तोच साक्षेप मला त्या काळ्या बोटांत दिसला.

त्यानंतरचे काम जाळी बदलण्याचे. वरची आणि खालची टाकी पितळेची. ज्योत फिरवून डाख वितळवायचा, टाक्या सुट्या करायच्या, आणि त्या मूळच्याच टाक्यांमध्ये नवी जाळी बसवायची. जाळीच्या नळ्या पितळेच्या, त्यांमधली नागमोडी पत्री तांब्याची, आणि या सगळ्यांस सांधणारा कथील-शिशाचा डाख. त्रेसष्ट भाग कथील आणि सदतीस भाग शिसे असे मिश्रण १८३ अंशांवर वितळते. एवढी उष्णता गल्लीतल्या ज्योतीने सहज साधते, आणि म्हणूनच हा रेडिएटर पुन्हा पुन्हा उघडता येतो. शेवटी तोंडे बंद करून, आत हवा भरून तो हौदात बुडवतात. चाचांची नजर तेव्हा पाण्यावरून ढळत नाही. एखाद्या सांध्यापाशी मोहरीएवढा बुडबुडा दिसला की खडूने खूण, आणि पुन्हा ज्योत.

बारीकसारीक गोष्टीही ते सोडत नाहीत. झाकण बदलल्यावाचून त्यांनी गाडी सोडली नाही, कारण झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते आणि साधारण ०.९ किलोच्या त्या दाबामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू जवळजवळ वीस अंशांनी वर जातो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर असल्याने येथे उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. घाटात इंजिनावर भार अधिक, गाडीचा वेग कमी आणि समोरून येणारा वाराही नाही, अशा वेळी सैल झाकण म्हणजे हमखास उकळी.

परंतु या विद्येचे पुढे काय होणार, हा विचार मला तेथेच अस्वस्थ करू लागला. नव्या गाड्यांचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात. ते हलके असतात, आणि नव्या गाडीसाठी उत्तमच असतात, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांची जाळी नायट्रोजनने भरलेल्या भट्टीत सुमारे सहाशे अंशांवर सांधली जाते, टाकी प्लॅस्टिकची असते आणि ती रबरी पट्टीवर दाबून पत्र्याच्या दातांनी आवळलेली असते. टाकी तडकली की सगळा रेडिएटर भंगारात. ज्या कामात उघडणेच नाही त्यात चाचांचे कौशल्य कोठे लागू पडावे? तांब्याचा भावही त्यांच्या बाजूने नाही. नव्या जाळीची किंमत ऐकून पुष्कळ गिऱ्हाइके बाजारातले ‘जवळपास बसणारे’ काहीतरी घेतात, पत्रा कापून बसवतात, आणि त्या गाडीची दोन मूळची भोकेही मग नाहीशी होतात.

कायद्यातही अशा जुन्या गाड्यांना नीटशी जागा नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या बिनव्यापारी दुचाकी-चारचाकींस ‘व्हिंटेज’ अशी स्वतंत्र नोंदणी मिळते, आणि ती मिळाल्यावर त्यांचा नित्याचा वा व्यापारी वापर करता येत नाही. पहिली टाटामोबाईल पन्नास वर्षांची होणार २०३८ मध्ये. आणि तेव्हाही, अंजीर वाहणाऱ्या पिकअपला त्या सन्मानाचा उपयोग कोणता? दुसरीकडे १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील वाहनांच्या नूतनीकरणाचे शुल्क पुष्कळ वाढले आहे. धूर आणि सुरक्षितता यांचा विचार सरकारने करावा, हे योग्यच आहे. पण जी गाडी तपासणीत उत्तीर्ण होते आणि एका कुटुंबाचा माल वाहते, तिला लागणारा भाग कोणी आणि कोठून द्यावा, याची तजवीज कोणत्याच खात्याने केलेली मला आढळली नाही.

शिशाचा धूर हा तर याहून निकडीचा प्रश्न. तो फुप्फुसांतून रक्तात जातो आणि साठत राहतो. चाचांच्या गल्लीत धूर ओढून नेणारा पंखा नाही, आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाने तो अडत नाही. हाताखालचा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. त्याने ही विद्या शिकावी असे मला मनापासून वाटते, आणि त्याने या हवेत रोज बसावे असे मुळीच वाटत नाही. या दोन इच्छांचा मेळ पंख्याने आणि धुराड्याने बसू शकतो. त्याला फार मोठा खर्चही नाही. औंधच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने चाचांसारख्या दोन-चार कारागिरांस आदराने बोलावून, सुरक्षित शेडमध्ये हे काम शिकवायला लावले तर मुले विनाधोका शिकतील आणि मापेही कागदावर येतील.

कारण मापे आज कागदावर नाहीत. टाटामोबाईल, ४०७, जुनी महिंद्राची जीप, प्रत्येकीच्या जाळीची उंची, रुंदी, नळ्यांच्या ओळी, तोंडांच्या जागा हे सगळे चाचांच्या डोक्यात आहे. “लिहून का ठेवत नाही?” असे मी विचारले तेव्हा त्यांनी मुलाकडे बोट दाखवले, “लिहायचं काम त्याचं.” मुलाने फळीवरून एक वही काढून दिली. तिच्यात सासवडच्या गाडीची मापे, दोन मूळ भोकांच्या आकृतीसह, पेन्सिलीने नीट उतरवलेली होती. त्याच्या आधीची पाने तीनच भरलेली होती.