पैठणी रंग का बदलते?

लग्नसमारंभात पैठणी नेसलेली एखादी बाई दिसली, तर तिच्या निऱ्यांकडे नीट लक्ष द्या. ती समोर उभी असताना साडी जांभळी दिसते. ती जरा वळली, की निऱ्यांवर तांबडी झाक उमटते. आणखी वळली, की तेथेच निळसर छटा येते. विणकर याला ‘धूपछाव’ म्हणतात. पैठणीच्या पदरावर बहुधा मोर असतो, म्हणून पुष्कळांना वाटते की मोराच्या पिसाचे आणि या कापडाचे रंग बदलण्याचे कारण एकच असावे. तसे ते नाही.

मोरपिसातला निळा-हिरवा रंग हा रंगद्रव्याचा रंग नव्हे. पिसाच्या तंतूंत अतिसूक्ष्म कांड्यांचे थर असतात. त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींचे व्यतिकरण होते आणि ठराविक तरंगलांबीचा प्रकाश तेवढा ठळक होतो. धूपछाव कापडाचे रहस्य याहून साधे आहे. शिंप्याकडून अशा कापडाचा एक तुकडा मागून आणा आणि कडेचे धागे उसवा. (घरातल्या पैठणीवर हा प्रयोग मुळीच करू नका!) उभे धागे, म्हणजे ताणा, एका रंगाचे निघतील, आडवे धागे, म्हणजे बाणा, दुसऱ्या रंगाचे. सुट्या धाग्याचा रंग कसाही फिरवला तरी बदलत नाही.

मग तांबडा आणि निळा मिसळून नेहमी एकच जांभळा रंग का दिसत नाही? सुती कापडात बव्हंशी तसेच होते. कापसाचे तंतू आखूड आणि पिळवटलेले असतात, त्यामुळे त्यांच्यावरून प्रकाश सगळीकडे विखुरतो. रेशमाचे तसे नाही. एका कोशापासून शेकडो मीटर लांबीचा अखंड तंतू मिळतो. त्यात फायब्रॉइन या प्रथिनाचे दोन धागे सेरिसिन नावाच्या डिंकासारख्या पदार्थाने चिकटलेले असतात. साबणाच्या पाण्यात उकळून हा डिंक काढला, की गुळगुळीत, पारदर्शक तंतू उरतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाइतकी असते, आणि त्याचा छेद गोल नसून कोपरे बोथट झालेल्या त्रिकोणासारखा असतो. असे अनेक तंतू एकमेकांना समांतर राहून धागा बनतो.

अशा धाग्यावर त्याच्या लांबीशी काटकोनात प्रकाश पडला, तर परतणारा प्रकाश पंख्यासारखा पसरतो, पण तोही लांबीशी काटकोनातच. या पंख्यात आपला डोळा असेल तर धागा चमकतो, नाही तर मंद दिसतो. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर रेशमी धागा शेजारी शेजारी गुंडाळा, खिडकीसमोर धरा आणि पुठ्ठा काटकोनात फिरवा. चमक कमी-जास्त झालेली दिसेल. आता पैठणीत ताणा आणि बाणा एकमेकांशी काटकोनातच असतात. म्हणजे दोघांचे पंखे वेगवेगळ्या दिशांना! कापड हलले, की एकाचा रंग विझतो आणि दुसऱ्याचा उजळतो.

पैठण आणि येवले येथील विणकरांना हा हिशेब हाताने ठाऊक आहे. कोणत्या ताण्यावर कोणता बाणा घालायचा, हे ते सूत्र न मांडता ठरवतात.

मात्र अशा कापडाची निगा आपल्याकडे फार अडाणीपणाने राखली जाते, असे मला वाटते. आजीची पैठणी ट्रंकेत वर्षानुवर्षे एकाच घडीत पडून राहते आणि उघडावी तर घडीवर चिरलेली! घडीच्या रेषेवर तेच तंतू सतत वाकलेले राहतात, आणि जरीची धातूची पट्टी तर वारंवार त्याच जागी दुमडून तुटते. म्हणून दोन-तीन महिन्यांनी साडी उलगडावी आणि घडी निराळ्या जागी घालावी. वारा द्यावा तो सावलीत. उन्हातले अतिनील किरण फायब्रॉइनमध्ये शोषले जातात, त्याने रेशीम पिवळते आणि ठिसूळ होते. ओले रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असते, तेव्हा पिळणे वर्ज्य. धुण्याचा सोडा प्रथिनाचे विघटन करतो. क्लोरीनयुक्त विरंजकात तर रेशीम चक्क विरघळते. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो, त्यापेक्षा जुने मऊ सुती कापड बरे.

जर काळी पडते ती गंधकामुळे. अस्सल जर म्हणजे रेशमी धाग्याभोवती गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची चपटी तार. हवेतील गंधकाच्या संयुगांशी चांदीचा संयोग होऊन काळे सिल्व्हर सल्फाइड बनते. लोकरीतही गंधक असते, म्हणून शालीच्या घडीत पैठणी ठेवू नये. रबरापासूनही ती दूर असावी. आणि काळवंडलेली जर चांदीच्या भांड्यांसारखी घासून उजळण्याचा मोह टाळा. सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो. काळेपणाबरोबर तोही निघून जाईल.