प्रॉक्सी चित्रमुद्रण : कॅमेऱ्यातील सुविधा आणि बाह्य रेकॉर्डर – एक तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना :

डिजिटल चित्रीकरणात चित्राचा दर्जा जसजसा उंचावत गेला, तसतसा संपादन करणाऱ्या संगणकावरील भारही वाढत गेला. ४के चित्रीकरण आज महाविद्यालयीन विभागांनाही शक्य झाले आहे. तथापि ते न अडखळता चालवू शकेल असा संगणक प्रत्येक विभागाकडे असतोच असे नाही. या अडचणीवरील रूढ उपाय म्हणजे ‘प्रॉक्सी’ होय. मूळ चित्रणाची हलकी प्रतिकृती तयार करावयाची, संपादन तिच्यावर करावयाचे आणि अंतिम टप्प्यात तिच्या जागी मूळ चित्रण आणावयाचे, अशी ही पद्धती आहे. ही प्रतिकृती कॅमेऱ्यातच मुद्रित करावी की कॅमेऱ्याला जोडलेल्या बाह्य रेकॉर्डरवर, याचा तुलनात्मक विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :

प्रॉक्सीची कल्पना नवीन नाही. चित्रपट फिल्मवर तयार होत असताना संपादक मूळ निगेटिव्हला हात लावत नसे. तिच्यापासून काढलेल्या कामचलाऊ प्रिंटवर तो काम करी आणि फिल्मच्या कडेवरील क्रमांक पाहून नंतर निगेटिव्ह कापली जाई. त्या प्रिंटवर ओरखडे पडले तरी बिघडत नसे. क्रमांक चुकला तर मात्र निगेटिव्हवरील काप पुन्हा सांधता येत नसे. १९८९ मध्ये आलेल्या ॲव्हिड मीडिया कंपोझर या संगणकीय संपादनप्रणालीतही प्रारंभी कमी दर्जाच्या चित्रांवरच संपादन होई. सोनी कंपनीने २००३ मध्ये आणलेल्या एक्सडीकॅम प्रणालीत मूळ चित्रणासोबत त्याची हलकी प्रत त्याच डिस्कवर मुद्रित होऊ लागली. साधने बदलली, परंतु तत्त्व तेच राहिले : प्रतिकृतीचे मूल्य तिच्या सौंदर्यात नसून मूळ चित्रणाशी असलेल्या तिच्या अचूक नात्यात आहे.

कॅमेऱ्यातील प्रॉक्सी :

उदाहरणादाखल सोनी अल्फा ७ एस ३ (२०२०) हा कॅमेरा घेऊ. यात सेकंदाला २५ फ्रेमचे १०-बिट ४:२:२ स्वरूपाचे ४के चित्रण सेकंदाला १४० मेगाबिट या वेगाने करता येते. म्हणजे एका तासाचे चित्रण सुमारे ६३ गिगाबाइट जागा व्यापते. त्याच वेळी मुद्रित होणारी ९ मेगाबिटची एचडी प्रॉक्सी तासाला अवघी चार गिगाबाइट होते. दोन्ही फाइलींची सुरुवात, शेवट, फ्रेम रेट व टाइमकोड एकच असतात. मूळ फाइल सी०००१ असेल तर प्रॉक्सी सी०००१एस०३ या नावाने वेगळ्या फोल्डरमध्ये जमा होते. नावातील ही पुस्ती जोडणीच्या वेळी ध्यानात ठेवली की पुढील काम सुलभ होते.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. पहिली, या कॅमेऱ्यात प्रॉक्सी मूळ चित्रणाच्याच कार्डवर राहत असल्याने कार्ड निकामी झाल्यास दोन्ही जातात. कॅननच्या ईओएस आर५ सी (२०२२) सारख्या कॅमेऱ्यांत प्रॉक्सी दुसऱ्या कार्डवर घेण्याची सोय आहे. दुसरी, काही कॅमेऱ्यांत मंदगती चित्रणाच्या वेळी प्रॉक्सी मिळत नाही. तिसरी, अशी प्रॉक्सी बहुधा एच.२६४ किंवा एच.२६५ पद्धतीने संकुचित केलेली असते. त्यात एक फ्रेम दाखविण्यासाठी संगणकाला आजूबाजूच्या फ्रेमही उलगडाव्या लागतात. त्यामुळे फाइल लहान असूनही फार जुन्या संगणकावर ती अपेक्षेइतकी सहज चालत नाही.

बाह्य रेकॉर्डर :

ॲटोमॉस निंजा व्ही (२०१८) सारखा रेकॉर्डर एचडीएमआय केबलद्वारे कॅमेऱ्याला जोडला जातो आणि चित्रण स्वतःच्या एसएसडीवर मुद्रित करतो. ॲपल प्रोरेस ४२२ प्रॉक्सी या स्वरूपात २५ फ्रेमच्या एचडी चित्रणाला सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट, म्हणजे तासाला सुमारे १७ गिगाबाइट लागतात. कॅमेऱ्यातील प्रॉक्सीच्या चौपट जागा ती घेते. परंतु यातील प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे संकुचित केलेली असल्याने संपादनात ती अधिक सुरळीत चालते. शिवाय मोठा पडदा मिळतो आणि चित्रणाची दुसरी प्रत वेगळ्या माध्यमावर तयार होते.

तथापि, कॅमेऱ्यातील प्रॉक्सीत जे नाते आपोआप जुळते, ते येथे प्रयत्नपूर्वक जुळवावे लागते. रेकॉर्डर सामान्यतः फाइलींना स्वतःची नावे देतो. कॅमेऱ्याचा टाइमकोड व मुद्रण सुरू-बंद करण्याचा संकेत केबलमधून रेकॉर्डरला मिळतो की नाही, हे दोन्ही यंत्रांच्या मांडणीवर अवलंबून असते. संकेत मिळाला तरी फाइलींच्या आरंभात काही फ्रेमची तफावत राहू शकते. ध्वनीच्या वाहिन्यांची संख्या भिन्न असल्यास ॲडोबी प्रीमियर प्रॉक्सी जोडून घेण्यास नकार देतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावरील आकडे व चिन्हे बंद न केल्यास तीही चित्रात मुद्रित होतात.

एक अनुभव :

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागाने एका वयोवृद्ध लोककलावंताची प्रदीर्घ मुलाखत अशा पद्धतीने मुद्रित केली. रेकॉर्डर हाताने वेगळा सुरू केला जात होता. टाइमकोड जुळवलेला नव्हता. ही चूक प्रस्तुत लेखकाची होती. संपादन पूर्ण झाल्यावर मूळ फाइली केवळ लांबी पाहून जोडण्यात आल्या. कलावंताने आपल्या गुरूंविषयीची एक आठवण दोनदा सांगितली होती आणि दुसऱ्या वेळी, “मघाशी नाव चुकलं माझं,” असे म्हणून गुरूंचे नाव दुरुस्त केले होते. संपादनात दुसरे कथन निवडलेले असताना अंतिम चित्रफितीत पहिले, चुकीचे कथन आले. एका विद्यार्थिनीने दोन्ही प्रती शेजारी लावून पाहिल्या म्हणून ही बाब उघडकीस आली. त्यानंतर प्रत्येक फाइल कानाने ऐकून पुन्हा जोडण्यात आमचे चार दिवस गेले. कलावंत आज हयात नाहीत. ती चित्रफीत तशीच जतन झाली असती, तर त्यांनी स्वतः सुधारलेली चूक त्यांच्याच नावावर कायम राहिली असती. प्रॉक्सीची जोडणी हा केवळ तांत्रिक सोयीचा प्रश्न नसून दस्तऐवजाच्या सत्यतेचा प्रश्न आहे, हे या प्रसंगातून लक्षात आले.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. केवळ संपादन सुलभ व्हावे एवढाच हेतू असेल आणि कॅमेऱ्यात सोय असेल, तर कॅमेऱ्यातील प्रॉक्सीच श्रेयस्कर ठरते.

२. जिचे चित्रीकरण पुन्हा होणे शक्य नाही अशा घटनेसाठी बाह्य रेकॉर्डर जरूर वापरावा. परंतु तो दुसरी प्रत म्हणून. त्यावर एचडी प्रॉक्सीच मुद्रित केली, तर मूळ कार्ड गेल्यावर हाती केवळ प्रॉक्सीच उरते. म्हणून अशा वेळी रेकॉर्डरवर पूर्ण दर्जाचे मुद्रण करावे.

३. कॅमेऱ्यात सोय नसेल, तर चित्रीकरणानंतर संगणकावर प्रॉक्सी तयार करणे हा वेळखाऊ, पण सुरक्षित मार्ग आहे. कारण त्यात नाव व टाइमकोड मूळ फाइलीवरूनच घेतले जातात.

४. पद्धती कोणतीही असो, प्रत्यक्ष चित्रीकरणापूर्वी एका मिनिटाचे मुद्रण करून संपादनात प्रॉक्सी व मूळ फाइल जोडून पाहावी. नाव, टाइमकोड, फ्रेम रेट, लांबी आणि ध्वनिवाहिन्या या पाच बाबी तपासाव्यात.

मर्यादित साधनांवर मौखिक इतिहास व लोककलांचे चित्रीकरण करणाऱ्या महाविद्यालयीन विभागांनी या शेवटच्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे. साधने महाग असतात, हे खरे. परंतु ही तपासणी विनामूल्य आहे.