गाडीसुद्धा एक कुकरच!

मैत्रिणींनो, कुकरची शिट्टी वेळेवर झाली नाही तर आपण हातातलं काम टाकून गॅसकडे धावतो की नाही? पाणी कमी पडलं असेल, रबर सैल झालं असेल, हे आपल्याला न सांगता कळतं. मग दारातली गाडी तापली की 'ते पुरुषांचं काम' म्हणून आपण गप्प का बसतो? मी बसले होते. ते गप्प बसणं आमच्या घराला महागात पडलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या वर्षी आम्ही जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. आम्ही राहतो धाराशिवला, माझं माहेर उमरग्याचं आणि सासूबाईंचे डोळे दाखवायला जायचं सोलापूरला. गुडघ्यांमुळे त्यांना एस.टी.त चढवणं म्हणजे कसरतच. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यातले साठवलेले पैसे आणि भिशीची रक्कम मिळून गाडीचं जमलं.

गाडी पाहायला गेलो तेव्हा ती पंधरा-वीस मिनिटं जागेवर चालू होती. आमचे हे टायर, रंग, सीटा पाहण्यात गुंग. मी पुढं उभी होते. बॉनेटमधून चांगली धग येत होती, पण पंख्याचा आवाज काही येईना. शेजारच्यांच्या गाडीचा पंखा मधूनमधून घर्रर्र करतो, ते मला घरात बसून ऐकू येतं. मी म्हटलं, "अहो, हिचा पंखा फिरत नाही वाटतं!" विकणारे गृहस्थ हसले. "वहिनी, गाडी अजून थंड आहे." हेही हसले, आणि मैत्रिणींनो, मीसुद्धा हसले!

मे महिन्यात सोलापूरहून परतताना तुळजापूरच्या घाटात काटा लाल रेषेला टेकला. पौर्णिमा होती, देवीला निघालेल्यांची गर्दी, गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. "तुळजापूर आलंच की," म्हणून ह्यांनी गाडी तशीच रेटली. शेवटी बॉनेटमधून वाफ निघाली तेव्हा थांबलो. हे हातात रुमाल आणि पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले. आमचा आठ वर्षांचा मुलगा अगदी त्यांच्या कोपराशी. माझ्या तोंडून ओरडणंच निघालं, "अहो, कुकर आहे तो! शिट्टी पडल्याशिवाय उघडता का?" ह्यांचा हात थांबला. आजही तो क्षण आठवला की अंगावर काटा येतो.

ते मी घाबरून बोलले, पण बोलले ते खरंच होतं. उघड्या पातेल्यातलं पाणी 100 अंशांच्या आसपास उकळतं, कुकरमध्ये दाबामुळे 120 अंशांपर्यंत जातं. गाडीच्या झाकणातही तशीच स्प्रिंग असते, ती आतला दाब धरून ठेवते. तापलेलं झाकण उघडलं की दाब एकदम सुटतो आणि उकळतं पाणी कारंज्यासारखं तोंडावर येतं.

आता पंख्याचं. इंजिनातून फिरून तापलेलं पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातं आणि वाऱ्यानं निवतं. हमरस्त्यावर वारा आपोआप मिळतो. घाटात, गर्दीत गाडी हळू असते, तेव्हा वारा घालायचा तो पंख्यानं. जुन्या अँबेसेडरमध्ये पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरे. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींत तो विजेवर चालतो, पाणी ठरावीक तापलं की सुरू होतो. आमच्या गाडीत त्याचा रिले जळालेला निघाला. तो बदलायला काहीशे रुपये पुरले असते. पण लाल काट्यावर गाडी रेटल्यानं हेडचं गॅस्केट गेलं, हेड लेथवर न्यावं लागलं आणि दिवाळीसाठी ठेवलेले पैसे मिस्त्रींच्या हातात गेले.

म्हणून एवढं लक्षात ठेवा :

जुनी गाडी घेताना ती जागेवर वीसेक मिनिटं चालू ठेवायला सांगा. काटा मध्यावर थांबला पाहिजे आणि पंखा फिरून पुन्हा बंद झाला पाहिजे. ए.सी. लावल्यावरही बहुतेक गाड्यांत पंखा लगेच सुरू होतो.

काही गाड्यांत काटा नसतो, दिवा असतो. निळा म्हणजे इंजिन थंड, लाल म्हणजे धोका.

काटा चढू लागला तर ए.सी. बंद करा आणि हीटर पूर्ण गरम करून लावा. घाम फुटेल खरा, पण इंजिनाची उष्णता तेवढी बाहेर पडते. काटा लाल रेषेला गेला तर मात्र पुढं एक फर्लांगही जाऊ नका. बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

निदान पाऊण तास झाकणाला हात लावू नका. गरम इंजिनावर गार पाणी ओतू नका, तापल्या काचेच्या भांड्यासारखं ते तडकू शकतं.

बॉनेट उघडं असताना पदर, ओढणी आणि वेणी सांभाळा. किल्ली काढली तरी काही गाड्यांचा पंखा अचानक फिरू लागतो.

आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड, ते चहाच्या पातेल्यातला पांढरा थर सांगतोच. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. अडीअडचणीला कुठलंही पाणी चालेल, पण एरवी कूलंटच घाला. गाडी थंड असताना दर आठवड्याला त्याची पातळी बघा, आणि ती सारखी उतरत असेल तर कुठंतरी गळतंय असं समजा.

आता रविवारी सकाळी, गाडी गार असताना, हे काम मीच करते. प्रवासाला निघायच्या आधी गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवतो, तेव्हा सासूबाई पायरीवर बसून विचारतात, "पंखा फिरला का गं?" आणि आमचे हे? ते हल्ली हसत नाहीत. माझं उत्तर ऐकूनच गियर टाकतात!